सहा शिलिंगांची नोंद

सन १७८९, एप्रिलची २४ तारीख. आज अमेरिकेच्या नकाशावर ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे जे राज्य दिसते, तिथल्या केनेबेक नदीच्या काठी त्या दिवशी पाऊस कोसळत होता. दुपारी एकच्या सुमाराला एक माणूस नावेतून एका बाईंना घ्यायला आला. त्याची बायको अडली होती. बाईंचे वय चोपन्न. नदी खवळलेली. नाव कशीबशी पैलतीराला लागली. पुढे एक ओढा आडवा आला. त्यावरून तरंगत्या ओंडक्यांवर पाय देत बाई पार झाल्या. मग घोड्यावरून निघाल्या, तो वाऱ्याने एक मोठे झाड मुळासकट उपटून अगदी त्यांच्यासमोर पडले. घोडा बिचकून मागे हटला, म्हणून जीव वाचला. एका शेतकऱ्याच्या मदतीने ते झाड ओलांडले. पुढच्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता. मग त्या नवऱ्याने लगाम हातात घेऊन, पाण्यात उतरून, घोडा पलीकडे ओढून नेला. रात्री दहा वाजता त्या घरात मुलगी जन्माला आली. बाळ-बाळंतीण सुखरूप.

बाई घरी परतल्या आणि त्यांनी हे सगळे चार-दोन वाक्यांत आपल्या वहीत लिहून ठेवले. वाटेत तीन ठिकाणी देवाचे आभार मानले आणि शेवटी बाळंतपण नोंदवले.

याच आठवड्यात, ३० एप्रिलला, न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. आपल्याकडे पुण्यात तेव्हा सवाई माधवरावांची कारकीर्द चालू होती. शपथविधीची हकीकत जगातल्या प्रत्येक इतिहासात आहे. नदी ओलांडून गेलेल्या त्या बाईंचे नाव मात्र पुढची दोनशे वर्षे त्यांच्या गावाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्यांचे नाव मार्था बॅलर्ड. शेतकरी घरातली गृहिणी, नऊ मुलांची आई, सुईण, परिचारिका, गावची वैद्यीण आणि श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे, जवळजवळ रोज, त्यांनी आपल्या दिवसाची नोंद ठेवली. या सुमारे दहा हजार नोंदी आज उपलब्ध आहेत.

मार्थाबाईंचा जन्म १७३५ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड नावाच्या खेड्यातला. माहेरचे आडनाव मूर. घरात विद्या होती, पण ती मुलग्यांसाठी. काका येल कॉलेजात शिकून वैद्य झाले, धाकटा भाऊ हार्वर्डला शिकून धर्मोपदेशक झाला. मार्थाबाईंच्या वाट्याला जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते शिक्षण आले. त्यांचे शुद्धलेखन आयुष्यभर कच्चेच राहिले. एकच नाव त्या तीन तऱ्हांनी लिहीत. पण लिहिता येत होते, हेच त्या काळच्या खेड्यातल्या बाईच्या दृष्टीने पुष्कळ होते. १७५४ साली एफ्राईम बॅलर्ड यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एफ्राईम पिठाची आणि लाकूड कापायची गिरणी चालवीत, पुढे जमिनीची मोजणीही करू लागले.

लग्नाला पंधरा वर्षे झाली, घरात सहा मुले होती, आणि १७६९ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये घटसर्पाची साथ आली. गावातली घरेच्या घरे ओस पडली. बॅलर्डांच्या घरातल्या तीन मुली दहा दिवसांच्या आत गेल्या. मार्थाबाई त्या वेळी गरोदर होत्या. ऑगस्टमध्ये त्यांना मुलगी झाली, तिचे नाव हॅना ठेवले. तीन मुलींना मूठमाती देऊन महिना उलटतो न उलटतो तोच चौथीला कुशीत घेणाऱ्या बाईच्या मनात काय चालले असेल, हे लिहायचा मोह कादंबरीकाराला होतो. पण मार्थाबाईंनी तेव्हा काही लिहिलेले नाही, वही तर पुढे सोळा वर्षांनी सुरू झाली. त्या वहीत मात्र त्या दिवसांची आठवण वर्षानुवर्षे अधूनमधून डोकावते. आजारी लेकराच्या उशाशी रात्रभर बसायला ही बाई कधी नाही म्हणाली नाही, एवढे आपल्याला कळते. त्याचे मूळ कुठे होते, ते ज्याचे त्याने ओळखावे.

१७७७ च्या ऑक्टोबरात हे कुटुंब उत्तरेला केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावी आले. एफ्राईम त्याआधी दोन वर्षे तिकडे गेले होते. त्या वेळी तो सगळा मुलूख जंगलाचा. मेन तेव्हा वेगळे राज्य नव्हते, मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता. राज्य झाले ते १८२० साली. हॅलोवेलचा उत्तरेकडचा भाग १७९७ मध्ये वेगळा झाला आणि त्याला ऑगस्टा नाव पडले. आज ऑगस्टा ही मेनची राजधानी आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर विखुरलेली घरे, हिवाळ्यात नदी गोठली की बर्फावरून चालत पलीकडे जायचे, बर्फ वितळू लागला की जीव मुठीत धरायचा आणि उन्हाळ्यात नावेतून जायचे, असा तिथला शिरस्ता होता.

इथे आल्यावर, १७७८ पासून, मार्थाबाईंनी सुईणपण सुरू केले. वय त्रेचाळीस. स्वतःची बाळंतपणे झाली की बाई त्या कामात आपोआप तयार होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. त्या काळच्या खेड्यांत बायका शेजारणींच्या बाळंतपणाला मदतीला जात. त्यांतली एखादी बघून बघून, थोरल्या सुईणीच्या हाताखाली राहून, हळूहळू पुढे येई. आपल्याकडे ज्याला हातगुण म्हणतात तो असा वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून येतो.

माझी उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेली. त्यामुळे मार्थाबाईंच्या वहीबद्दल वाचताना इतरांना जे कंटाळवाणे वाटले, तिथेच माझे लक्ष खिळून राहिले. ही वही म्हणजे मनातले गूज सांगणारी डायरी नव्हे. ही रोजकीर्द आहे. हाताने घड्या घालून शिवलेली कागदांची पुस्तिका, डावीकडे समास सोडून तारीख, मग हवामान, कोण आले, कोण गेले, कुठे बोलावणे आले, किती वाजता मूल झाले, मुलगा की मुलगी. उजव्या समासात त्या दिवशी कुठे होत्या याची नोंद. बाळंतपणाचा आकार ठरलेला, सहसा सहा शिलिंग. एफ्राईम एखाद्या मिळकतीचे मूल्यमापन करून किंवा नकाशा काढून दिवसाला जेवढे मिळवीत, जवळजवळ तेवढेच. पैसे चुकते झाले की नोंदीशेजारी दोन फुल्या. रोख क्वचितच येई. कोणी धान्य देई, कोणी लोकर, कोणी मेणबत्त्या, कोणी कापड. ज्याच्याकडे काही नसे त्याच्या नोंदीशेजारी फुल्या पडत नसत, पण पुढच्या खेपेला बोलावणे आले की बाई त्याच्याही घरी जात. थकबाकीदाराला दुसरे कर्ज देऊ नये, हा आमचा नियम. मार्थाबाईंच्या पेढीत तो नव्हता.

सत्तावीस वर्षांच्या या रोजकीर्दीत ८१६ बाळंतपणे आहेत. म्हणजे सरासरी वर्षाला तीस. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. पण १७८७ चा ऑगस्ट महिना पाहावा. गावात अंगावर पुरळ आणणाऱ्या, घसा धरणाऱ्या तापाची साथ होती. आज आपण तिला स्कार्लेट फीवर म्हणतो. ३ ते २४ ऑगस्ट या तीन आठवड्यांत मार्थाबाईंनी चार बाळंतपणे केली. एक बोलावणे खोट्या कळांचे निघाले, तिथेही त्या जाऊन आल्या. सोळा वेळा आजाऱ्यांकडे गेल्या. तीन मृतदेहांना न्हाऊ घालून दफनासाठी तयार केले. एका शेजाऱ्याला गोळ्या दिल्या, एकासाठी झाडपाला खुडून औषध बनवले, आणि घरी नवऱ्याचा घसा धरला होता त्यावरही उपचार केले. हे सगळे त्यांच्या घरकामाला धरून. कारण त्या महिन्यात घरचे कामही थांबलेले नव्हते.

घरकाम हा शब्द फार फसवा आहे. बॅलर्डांच्या घरी मेंढ्या होत्या, गाय होती, टर्की पक्षी होते. जवसाच्या जातीचे फ्लॅक्स नावाचे पीक काढायचे, त्याचे तंतू सोडवायचे, सूत कातायचे. मुली हॅना आणि डॉली मोठ्या झाल्यावर घरात माग आला आणि त्यांनी विणलेले कापड शेजारीपाजारी जाऊ लागले. साबण, मेणबत्त्या, दारूची बीअर घरीच. बागेत कोबी, काकड्या, घेवडा, बटाटे. शिवाय औषधी वनस्पती वेगळ्या: सेज, कॅमोमाईल, टॅन्सी, हिसप. खुडायच्या, वाळवायच्या, कधी काढा करायचा, कधी मलम, कधी सरबत. ज्या बागेतून कालवण शिजे त्याच बागेतून अर्ध्या गावाचे औषध जाई. मुली घरात होत्या तोवर मार्थाबाई मध्यरात्रीसुद्धा निर्धास्त बाहेर पडू शकत. त्या लग्न होऊन गेल्या आणि घरकामाला ठेवलेल्या मुली टिकेनात, तेव्हा बाईंच्या नोंदींत थकव्याचा सूर लागतो. एका बाईला बाहेर काम करायचे तर घरात दुसऱ्या कोणा बाईने काम करावे लागते, हे गणित दोनशे वर्षांपूर्वीही असेच होते.

आता या हातगुणाचा ताळेबंद. या सगळ्या बाळंतपणांत प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी एकही आई मार्थाबाईंच्या हाती दगावली नाही. नंतरच्या बाळंतपणाच्या दिवसांत पाच जणी गेल्या. जंतू म्हणजे काय हे जगात कोणाला ठाऊक नव्हते त्या काळातला, मेणबत्तीच्या उजेडातला हा हिशेब आहे. तुलना करायची तर, १९३० च्या सुमाराला, दवाखाने आणि डॉक्टर असलेल्या अमेरिकेत, दर दीडशे जन्मांमागे एक आई दगावत होती.

गावात शिकलेले डॉक्टर नव्हते असे नाही. मार्थाबाईंचे त्यांच्याशी वैर नव्हते. हाड मोडले, रक्त काढायचे असले की त्या डॉक्टरला बोलवायला सांगत. मृत्यूनंतर डॉक्टर शरीर उघडून तपासत तेव्हा त्यांनाही बोलावणे जाई आणि काय दिसले ते त्या वहीत लिहीत. पण बाळंतिणीच्या खोलीत नवशिक्याने घाई केलेली त्यांना खपत नसे. एकदा एका तरुण डॉक्टरने एका बाईला चांगल्या कळा येत असताना अफूच्या अर्काचे वीस थेंब दिले. बाईला गुंगी आली, कळा थांबल्या, सगळा दिवस वाया गेला. संध्याकाळी उलटी होऊन अर्क बाहेर पडला तेव्हा कळा परतल्या आणि सात वाजता मुलगा झाला. मार्थाबाईंनी हे कोरडेपणाने लिहून ठेवले आहे, थेंबांच्या संख्येसह. हिशेबनीस माणूस रागावला की आकडे अचूक लिहितो.

सुईणीकडे तेव्हा आणखी एक जबाबदारी होती आणि ती कायद्याने आली होती. कुमारी मातेच्या प्रसूतीत, कळा अगदी शिगेला पोचल्या असताना, सुईणीने तिला बापाचे नाव विचारायचे. त्या घटकेला बाई खोटे बोलणार नाही, अशी समजूत होती. मग त्या साक्षीवर न्यायालय त्या पुरुषाकडून मुलाच्या पोटगीची वसुली करी. आपल्याला वाटते, तो काळ कडक धर्माचा, तिथे असे काही घडत नसेल. पण मार्थाबाईंच्या वहीतली पहिलटकरणींची बाळंतपणे मोजली तर शंभरातल्या अडतीस जणींना लग्नाआधी दिवस गेलेले होते. बहुतेकांची लग्ने मूल होण्याआधी लागत आणि गाव पुढे चालू लागे.

१७९१ च्या ऑक्टोबरात असे एक बोलावणे आले. सॅली पियर्स नावाची मुलगी, लग्न झालेले नाही. मार्थाबाईंनी कर्तव्य म्हणून तो प्रश्न विचारला. मुलीने नाव सांगितले जोनाथन बॅलर्ड, म्हणजे बाईंचा स्वतःचा मुलगा. मार्थाबाईंनी बाळ सोडवले, घरी आल्या आणि ते नाव आपल्या हाताने वहीत लिहिले. टाळले नाही, खाडाखोड केली नाही. चार महिन्यांनी जोनाथन आणि सॅली यांचे लग्न झाले.

एवढी सरळ बाई सगळीकडेच धीट होती असे मात्र नाही. १७८९ मध्ये गावच्या धर्मोपदेशकाची बायको रिबेका फॉस्टर हिने मार्थाबाईंना एकांतात सांगितले की नवरा परगावी असताना आपल्यावर अत्याचार झाला. आरोप गावच्या न्यायाधीशावर, जोसेफ नॉर्थ यांच्यावर होता. मार्थाबाईंनी तिला गप्प राहायला सांगितले. बोलशील तर तूच बदनाम होशील, उद्ध्वस्त होशील, असा त्यांचा सल्ला. आपल्या घराघरांतून पिढ्यान्पिढ्या दिला गेलेला हा सल्ला आहे आणि देणाऱ्या बायका वाईट नसतात. पण रिबेका गप्प बसली नाही, खटला उभा राहिला. मग मार्थाबाई १७९० च्या जुलैत दूरच्या न्यायालयात गेल्या आणि तिने आपल्याला काय सांगितले होते याची त्यांनी साक्ष दिली. न्यायाधीश निर्दोष सुटले. हा निकाल ऐकून सगळे चकित झाल्याची नोंद वहीत आहे, आणि स्वतः दिलेल्या त्या सल्ल्याची नोंदही. आपल्याच चुकीची नोंद आपल्याच वहीत ठेवणारे लोक फार थोडे असतात.

त्यांची श्रद्धा अशीच होती, कामातून दिसणारी. रविवारी प्रार्थनेला जायचा त्यांचा नेम. पण मूल जन्माला यायला रविवार पाहत नाही, त्यामुळे कितीतरी रविवार कोणाच्या तरी बाळंतिणीच्या खाटेजवळ गेले. धर्ममतांवरून गावात तट पडले होते, रिबेकाच्या नवऱ्याला तर पद सोडावे लागले. मार्थाबाईंनी त्या वादावर पाने खर्ची घातली नाहीत. संकटातून सुटका झाली की देवाचे आभार मानायचे, मरण आले की त्याची इच्छा म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली उचलायची.

उतारवय सुखाचे गेले नाही. एफ्राईम मोजणीदार. मोठ्या जमीनमालकांच्या वतीने ते जंगलातल्या जमिनी मोजत. त्याच जमिनीवर घरे बांधून राहिलेल्या गरीब लोकांना मोजणीची साखळी म्हणजे जप्तीची चाहूल वाटे. १७९५ मध्ये जंगलात हत्यारबंद माणसांनी त्यांना घेरून त्यांची उपकरणे आणि कागद हिसकावून घेतले. पुढे ते करवसुलीचे काम करू लागले. त्या वेळच्या पद्धतीत वसूल न झालेल्या कराला वसुली करणारा स्वतः जबाबदार असे. जामीनदाराची अवस्था मी टेबलाच्या या बाजूने पुष्कळ पाहिली आहे. कर्ज दुसऱ्याचे आणि नोटीस याच्या दारावर. एफ्राईमना १८०४ च्या सुरुवातीला कर्जापोटी तुरुंगात जावे लागले. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा म्हातारा सोळा महिने आत होता.

मार्थाबाई सत्तरीला आलेल्या, घरात एकट्या. मेनचा हिवाळा म्हणजे काय ते आपल्याला इथे बसून कळणार नाही. तिथे चुलीत लाकूड नसणे म्हणजे जिवावरचा प्रसंग. लाकूड आणून देणारे मुलगे जवळ असून वेळेवर येत नसत. वर्षअखेरीला तापट जोनाथन आपली बायको-मुले घेऊन त्याच घरात राहायला आला. घरची मालकीण आता सॅली झाली, तीच सॅली. मार्थाबाईंकडे एक खोली उरली. सासू-सुनेचे खटके उडू लागले. वहीत त्याही नोंदी आहेत. वाचताना आपल्याच गल्लीतले घर वाटते. कोणाची बाजू घ्यावी कळत नाही. ज्या मुलीला सासूने प्रसूतीच्या कळांत तो प्रश्न विचारला होता, तिच्याही मनात काहीतरी राहिले असेल.

१८०५ च्या मे महिन्यात एफ्राईम सुटून आले. संसार पुन्हा रुळावर आला. १८०९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मार्थाबाई पुन्हा बागेत माती उकरून भाज्या लावताना दिसतात. पोटाच्या जुन्या दुखण्याने त्या मेटाकुटीला येत, तरी बोलावणे आले की निघत. शेवटचे बाळंतपण त्यांनी १८१२ च्या २६ एप्रिलला केले, वय सत्त्याहत्तर. ७ मेची नोंद शेवटची. त्या दिवशी घरी नातलग जमले होते, धर्मोपदेशक आले, प्रेमाने बोलले, त्यांच्या अवस्थेला साजेशी प्रार्थना केली. त्यानंतर वही कोरी. महिनाभराच्या आत त्या गेल्या. जूनमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात एका वाक्याची बातमी आली: नाव, एफ्राईम बॅलर्ड यांची पत्नी, आणि वय. ८१६ बाळंतपणांचा उल्लेख नव्हता, सुईण हा शब्दही नव्हता.

वह्या धाकट्या मुलीकडे, डॉलीकडे गेल्या. तिच्याकडून तिच्या मुलींकडे. या बायकांनी त्या सुटी पाने असतील तशी जपल्या, फेकून दिल्या नाहीत. गावचा इतिहास लिहिणाऱ्या पुरुषांनी त्या चाळल्या आणि यात रोजचे तेच ते घरगुती लिहिले आहे, सर्वसामान्य वाचकाला यात रस वाटणार नाही, असे ठरवले. १८८४ मध्ये त्या मेरी होबार्ट या पणतीच्या मुलीच्या हाती आल्या. ती नुकतीच न्यूयॉर्कच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली होती. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वेळी फिलाडेल्फियाच्या अशाच महाविद्यालयात शिकत होत्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. दोघींची भेट झाली की नाही हा प्रश्न गौण आहे. सुईणीच्या हातातले काम शाळेत जाऊन शिकायला बायकांना मुभा मिळाली ती याच दशकांत, हे महत्त्वाचे. मार्थाबाईंच्या बहिणीची नात क्लारा बार्टन हिने तर त्याआधीच, १८८१ मध्ये, अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली होती.

डॉ. होबार्ट यांनी १९३० मध्ये वह्या मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिल्या. तिथे त्या आणखी पन्नास वर्षे पडून होत्या. मग लॉरेल थॅचर उलरिच या इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी त्या उघडल्या. त्यांनी जे केले ते खरे तर हिशेबतपासनिसाचे काम होते. एकेक नोंद घेऊन त्यांनी खतावणी मांडली: बाळंतपणे किती, मृत्यू किती, सूत किती, कोणाचे येणे, कोणाचे देणे. गावच्या कारकुनाची डायरी, न्यायालयाची दप्तरे, एफ्राईमने काढलेले नकाशे यांच्याशी ताळा जुळवला. तेव्हा लक्षात आले की पुरुषांच्या वह्यांत लाकूड, जमीन आणि गिरणीचा व्यवहार आहे, आणि त्याच्या शेजारी तेवढाच मोठा दुसरा व्यवहार बायका-बायकांत चालू होता, त्याची नोंद या एकाच वहीत राहिली. उलरिचबाईंचे पुस्तक १९९० मध्ये आले, १९९१ मध्ये त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. जे कंटाळवाणे म्हणून बाजूला टाकले होते, त्याच रोजच्या त्याच त्या नोंदींनी हे घडवले.

मी ग्रामीण शाखेत असताना पीककर्जाचे अर्ज भरून घेत असे. अर्जदाराचा व्यवसाय, शेती. पत्नीचा व्यवसाय, घरकाम. मी विचारतसुद्धा नसे, लिहून मोकळा होई. एकदा विहिरीच्या कर्जासाठी एक जोडपे आले होते. नवऱ्याला दुधाच्या उत्पन्नाचा आकडा सांगता येईना. बायको मागे बाकावर बसली होती. तिने तिथूनच महिनावार लिटर, दर आणि डेअरीकडची बाकी तोंडपाठ सांगितली. तो आकडा मी अर्जात घेतला, कर्ज मंजूर झाले. पत्नीच्या व्यवसायापुढे मात्र घरकाम हेच राहिले. तो रकाना मीच भरला होता, दुसऱ्या कोणी नाही.

मार्थाबाई आपल्या वहीत कुठेही आपल्या कामाचे मोठेपण सांगत नाहीत. त्या फक्त नोंद करतात. कुठे गेले, किती वाजता पोचले, काय झाले, काय मिळाले. तेवढ्याने त्यांचे आयुष्य वाचले. आपल्या घरातल्या आजीने, आत्याने, मावशीने अशी वही ठेवलेली नसेल. पण त्यांच्यापैकी कोणी अजून असतील, तर त्यांच्याजवळ बसून तारीखवार नाही, तरी आठवेल तसे विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे. किती बाळंतपणे केली, कोणाकोणाची केली, पावसात नदी कशी ओलांडली. आणि सहा शिलिंग मिळाले का, तेही.